चौसष्ट पोरांची तालीम

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्याने काय काय पाहावे याची यादी आता ठरून गेली आहे. पहाटेच्या गाडीने उतरावे, अंबाबाईचे दर्शन घ्यावे, चपलांचा भाव करावा, दुपारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने डोळ्यांतून पाणी काढावे, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खावी आणि वेळ उरलाच तर पन्हाळ्याला जाऊन यावे. पुण्यामुंबईची मंडळी दोन दिवसांत एवढे उरकून, गुळाची ढेप पिशवीत घालून परत जातात आणि कोल्हापूर पाहिले असे सांगतात. ते खोटे नव्हे. परंतु ज्या गोष्टीपायी हे गाव वर्षातले काही महिने तहानभूक विसरते ती गोष्ट या यादीत नसते. ती म्हणजे फुटबॉल!

वाचकांपैकी पुष्कळांना याचे नवल वाटेल. कोल्हापूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल मातीतला पैलवान उभा राहतो, आणि तो राहावा हे योग्यच आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेले खासबागेचे कुस्तीमैदान अजून या गावाच्या मध्यावर आहे. पण त्याच गावात संस्थानी काळापासून फुटबॉलही रुजला, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली, आणि आज येथल्या पोराला चालता येऊ लागले की तो पहिली लाथ चेंडूला मारतो, दुसरी शेजारच्या पोराला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ती बातमी वाचून मुंबईकर चकित झाले. कोल्हापूरकरांनी फक्त इतकेच विचारले, की एकच कसा?

मी मूळचा या गावचा नव्हे. नाशिककडून नोकरीच्या निमित्ताने आलो आणि गेली अठरा वर्षे येथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. भाषेच्या मास्तराला खोड अशी, की गावात शिरल्यावर तो देवळाआधी शब्द पाहतो. येथे मला प्रथम अडखळवले ते 'तालीम' या शब्दाने. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, ही सारी फुटबॉल खेळणाऱ्या संघांची नावे! जेथे दंडबैठका काढायच्या त्या आखाड्यांनीच चेंडू हाती, नव्हे पायी घेतला, आणि नाव मात्र जुनेच राहिले. खासबागेला लागून केशवराव भोसले नाट्यगृह होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली तेव्हा सारे गाव रडले. त्या नाट्यगृहातही नटमंडळी करीत ती तालीमच. म्हणजे पैलवानाची तालीम, नटाची तालीम आणि फुटबॉलची तालीम, तिन्ही हाकेच्या अंतरावर. शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ एवढाच, की शिकवणे.

मात्र मोसमात शाहू स्टेडियमवर एकदा जाऊन बसावे, म्हणजे शिकवण्याखेरीज या शब्दाला आणखी काय काय अर्थ चिकटले आहेत ते कळते. मोसम हिवाळ्यात सुरू होतो आणि वळवाच्या पावसापर्यंत चालतो. सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. एका बाजूला एका पेठेची माणसे, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या पेठेची, आणि मध्ये पोलीस. शेजारच्या बाकावरचे सत्तरीचे आजोबा एरवी मारुतीच्या देवळात प्रवचन ऐकताना डुलक्या घेतात, पण येथे पंचाच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. गोल झाला की अनोळखी माणूस मिठी मारतो. सामना हरला की पेठेत त्या रात्री चूल पेटत नाही, असे सांगतात. मी स्वतः तपासलेले नाही, पण चहाच्या गाड्यावर कुणी बोलत नाही एवढे पाहिले आहे. गेल्या काही वर्षांत तर नायजेरियातून आलेले खेळाडूही येथल्या तालमींकडून खेळले, आणि पेठेने त्यांना पाहता पाहता आपले करून भाकरी-झुणक्याची सवय लावली.

हा जिव्हाळा लटका नव्हे. एखाद्या खेळाडूचा गुडघा मोडला तर पेठ वर्गणी काढते. बूट नसतील तर बूट येतात, कुणी दुधाचा रतीब लावतो, कुणी अंडी पुरवतो. सरकारी योजनांना जे साधत नाही ते पेठ न बोलता करते. पण याच जिव्हाळ्याची दुसरी बाजू गल्लीत दिसते. दहा वर्षांचे पोर चेंडू नीट अडवायला शिकण्यापूर्वी कुणाशी वैर धरायचे ते शिकते. पलीकडच्या पेठेतला मुलगा त्याच्याच वर्गात, त्याच्याच बाकावर बसतो. शाळा सुटली की दोघांनी एकमेकांकडे पाहायचे नाही. शिवाय लहान पोरांना मैदान मिळतेच कुठे? मोठ्यांचा सराव संपला की अंधार पडतो. क्वचित मिळालेच, तर अकरा-अकराचे डाव, शंभर मीटर लांबीचे मैदान, बावीस पोरे आणि चेंडू एक! त्यातली चार दांडगी पोरे चेंडू घेऊन पळतात आणि उरलेली अठरा त्यांच्यामागे धूळ खात धावतात. तासाभराच्या खेळात ज्याच्या पायाला चेंडू एकदाही लागला नाही अशी पोरे मी पाहिली आहेत. घरी जाऊन ती अभिमानाने सांगतात, "आम्ही जिंकलो!"

गेल्या मार्गशीर्षात आमच्या पेठेच्या बैठकीत हा विषय निघाला आणि लहान मुलांसाठी पाच-पाच जणांची स्पर्धा भरवावी असे ठरले. चिटणीस कोण, असा प्रश्न आला तेव्हा सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. त्याची कारणे दोन. माझे अक्षर बरे आहे, आणि मी कुठल्याच पेठेत जन्मलेलो नाही.

पाच जणांचा फुटबॉल हा काही आमच्या डोक्यातून निघालेला प्रकार नव्हे. १९३० च्या सुमारास उरुग्वेमधील माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या एका शिक्षकाने तो बंदिस्त जागेत बसवला. त्यालाच पुढे फुटसाल म्हणू लागले. मोठ्या माणसांचे मैदान मुलांना देऊ नये, हे तर आता जगाने मान्य केले आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ साली ठराव करून सात-आठ वर्षांच्या मुलांना पाच-पाच जणांचा आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सात-सात जणांचा खेळ ठरवून दिला. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ पासून लहानग्यांच्या साखळी सामन्यांना चालना दिली. विचार सोपा आहे. लहान मुलाला लहान सदरा शिवतो, तसे लहान मैदान आखावे.

आमच्याजवळ होते एका शाळेचे पटांगण, माघातला एक रविवार आणि उन्हे तापण्यापूर्वीचे चार-साडेचार तास. दहा ते बारा वर्षांच्या मुलांची नावे मागवली, ती चौसष्ट भरली. त्रेपन्न मुलगे आणि अकरा मुली. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भाषेच्या मास्तराला गणिताची भीती असते म्हणतात, पण या गणिताने मला जो आनंद दिला तो आजवर एखाद्या चांगल्या कवितेनेच दिला असेल.

आठ मुलांचा एक संघ, असे आठ संघ. मैदानावर पाच, गोलरक्षक धरून, तीन राखीव. बाद पद्धत ठेवली तर सात सामन्यांत सारे आटोपते, पण निम्मे संघ, म्हणजे बत्तीस पोरे, एकेका सामन्यातच घरी जातात. भल्या पहाटे उठून, केसांना तेल लावून आलेल्या पोराला वीस मिनिटांत घरी पाठवणे हे काही बरे नव्हे. म्हणून चार-चार संघांचे दोन गट केले आणि गटात साखळी पद्धत ठेवली. प्रत्येक गटाचे सहा, मिळून बारा सामने. त्यानंतर पहिल्याचा पहिल्याशी, दुसऱ्याचा दुसऱ्याशी, तिसऱ्याचा तिसऱ्याशी आणि चौथ्याचा चौथ्याशी, असे आणखी चार. एकूण सोळा, आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला बरोबर चार. पटांगणात तीस मीटर बाय वीस मीटरची दोन मैदाने शेजारी शेजारी बसत होती. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव आणि मधली ये-जा धरून एका सामन्याला अर्धा तास. सकाळी सातला पहिली शिट्टी वाजली की दहापर्यंत साखळी संपते. मग अर्धा तास खाणे, आणि साडेअकराला सर्व मोकळे.

पण खरी गंमत पुढेच आहे. नियम असा केला, की डाव सुरू झाल्यावर दुखापतीखेरीज बदल नाही आणि प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्यात निदान एक डाव खेळलाच पाहिजे. दोन डावांत मिळून दहा जागा. आठ जागा आठ मुलांच्या, उरल्या दोन. चार सामन्यांत अशा उरलेल्या जागा आठ, आणि मुलेही आठ! म्हणजे प्रत्येकाला एक सामना पूर्ण खेळता येतो. हिशेब जुळला: एका मुलाचे पाच डाव, पन्नास मिनिटे. दांडग्याला पन्नास, किडकिडीतालाही पन्नास. मी एक तक्ता आखला. आडव्या ओळीत मुलांची नावे, उभ्या रकान्यांत सामने, आणि खेळलेल्या प्रत्येक डावाला एक फुली. शेवटी कुणाच्याही नावापुढे पाचाहून अधिक किंवा उणी फुली नको.

बैठकीत हा तक्ता मी मोठ्या उमेदीने मांडला. तेथे आमच्या तालमीचे वस्ताद बसले होते. वय साठीच्या पुढे, एके काळचे नावाजलेले बचावपटू, पायाला जुन्या जखमांचे व्रण. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, ही गोष्ट ते पोरांना अशी सांगतात, की जणू स्वतः किनाऱ्यावर उभे राहून त्यांनी जहाजाला निरोप दिला असावा. वस्तादांनी तक्ता वर धरला, खाली धरला आणि म्हणाले, "सर, ही रेशनची दुकानं झाली की वो. ज्येला पाय हाय त्येनंबी पाच आणि ज्येला न्हाई त्येनंबी पाच?"

"एवढी एक सकाळ, वस्ताद."

"बरं. आणि संघ कसं पाडणार?"

खरी अडचण तीच होती. मी चिठ्ठ्या टाकायचे सुचवले होते. पेठ, गल्ली, तालीम काही न पाहता साऱ्या पोरांची सरमिसळ करायची. प्रथम मुलींच्या चिठ्ठ्या काढायच्या, म्हणजे प्रत्येक संघात निदान एक मुलगी येते. मग रोज खेळणाऱ्यांच्या, मग उरलेल्यांच्या. हे ऐकून बैठकीत शांतता पसरली. वस्तादांनी पान तोंडात घातले होते ते चावायचे थांबले.

"पेठ काढली तर खेळात ऱ्हातंय काय, सर? पोरगं कुणासाठी पळणार?"

या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न खोटाही नव्हता. पेठेने दूध घातले, बूट दिले, जखमेला पट्टी बांधली. त्या पेठेचे नाव पुसून पोराला मैदानावर सोडणे म्हणजे झाडाला मुळासकट उपटून कुंडीत लावण्यासारखे आहे, असे वस्तादांना वाटत होते. मला वाटत होते, की दहा वर्षांच्या रोपाला अजून वाकवता येते. तास-दोन तास वाद झाला. अखेर मते घेतली. माझी सूचना एका मताने मंजूर झाली. वस्ताद उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "मला पटल्यालं न्हाई. पण शिट्टी मीच वाजवणार."

पेठांची नावे गेली, तेव्हा संघांना दुसरी नावे हवी होती. हे काम साहजिकच मराठीच्या मास्तराकडे आले. मी जिल्ह्यातल्या नद्या घेतल्या. पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या एका गटात. वारणा, दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी या दुसऱ्यात. मला हे फार काव्यमय वाटले. पोरांनी पहिल्याच दिवशी हिरण्यकेशीचे 'हिरण्या' करून टाकले आणि माझे काव्य संपले.

स्पर्धा भरवणे म्हणजे काय, याची कल्पना असलेल्या वाचकाला पुढच्या आठवड्याचे वर्णन नको आहे. नसलेल्यासाठी थोडे सांगतो. मोठा चेंडू या पोरांना जड, म्हणून चार नंबरचे चेंडू आणले. गोलपोस्ट तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच, बांबूचे. आणि ते पोरांच्या अंगावर कलंडू नयेत म्हणून मागे वाळूची पोती बांधली. जाळी म्हणून पंचगंगेवरच्या एका गृहस्थांनी मासे धरायची जुनी जाळी दिली, तिचा वास शेवटपर्यंत गेला नाही. फक्कीने रेघा मारल्या. संघांना ओळखता यावे म्हणून सदऱ्यावरून घालायच्या रंगीत बंड्या शिवून घेतल्या. खिळ्यांच्या बुटांना बंदी केली, कारण निम्म्या पोरांजवळ ते नव्हते आणि उरलेल्या निम्म्यांचे खिळे या निम्म्यांच्या पायांत घुसले असते. सर्वांनी साधे कॅनव्हासचे बूट घालायचे. मग कळले, की वीस-बावीस पोरांजवळ तेही नाहीत. हे वस्तादांच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या ओट्यावर जुन्या बुटांचा ढीग पडला होता, धुऊन, नाड्या घालून, जोड्या लावून. कुणी दिले, किती दिले, याची नोंद नव्हती. मी विचारले तेव्हा वस्ताद एवढेच म्हणाले, "पेठेनं दिलं."

आता राहिली पालकमंडळी. मुलांच्या सामन्यातला सर्वांत अवघड खेळाडू म्हणजे रेघेबाहेर उभा असलेला बाप. आम्ही दोन्ही मैदानांभोवती रेघेपासून तीन मीटरवर दोर बांधला आणि सूचना लिहिली, की टाळ्या वाजवाव्यात, सल्ला देऊ नये. असल्या सूचनेचा उपयोग किती होतो हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. म्हणून दुसरा उपाय केला. जो जो ओरडण्यात पटाईत म्हणून प्रसिद्ध होता, त्याला त्याला काम वाटून दिले. एकाच्या हाती घड्याळ, एकाकडे गुणफलक, एकाकडे पाण्याचे माठ, दोघांकडे बर्फ आणि मलमपट्टी. ज्याच्या हाताला काम लागते त्याच्या तोंडाला सवड राहत नाही. काकी-मावश्यांनी तर आधीच केळी आणि शेंगदाण्याचे लाडू यांचा ताबा घेतला होता. त्यांना काही सांगावे लागले नाही.

त्या रविवारी सातला पहिली शिट्टी वाजली आणि प्रथम जे जाणवले ते हे, की आवाज नाही. दोराबाहेर तीन-चारशे माणसे होती आणि कुणाला काय ओरडावे ते कळत नव्हते. आपल्या पेठेचे पोर कुंभीत तसे कासारीतही! एका गृहस्थांचा थोरला मुलगा तुळशीत, धाकटा भोगावतीत. ते सामनाभर दोराला धरून मुकाट्याने उभे होते आणि गोल झाल्यावर चुकून टाळी वाजली की घाबरून दुसऱ्या बाजूलाही एक वाजवत होते. तास-दीड तासाने मात्र पालकांना युक्ती सापडली. ते रंगाच्या नावाने ओरडू लागले, "पिवळे, मार की!" आणि मग नेहमीचे कोल्हापूर भानावर आले.

मैदानात काय चालले होते? पाच पोरांत दडायला जागा नसते. चेंडू फिरून फिरून येतोच. भोगावतीच्या गोलात एक सडपातळ मुलगी होती. पहिले दोन चेंडू सुटले तेव्हा तिने ओठ चावला, तिसऱ्यावर तिने अशी झेप घेतली, की पलीकडच्या संघानेही "भारी!" म्हणून दाद दिली. शाळेत एका बाकावर बसून एकमेकांशी न बोलणारी दोन पोरे वारणेत एकत्र आली होती. पहिल्या सामन्यात त्यांनी एकमेकांना चेंडू दिला नाही आणि संघ हरला. दुसऱ्या सामन्यात एकाने दिला. त्यांची मैत्री झाली असे मी म्हणणार नाही. मात्र त्यानंतर चेंडू जात-येत राहिला.

वेदगंगेत दोन पोरे होती, त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. एक वस्तादांचा नातू. बारा वर्षांचा, चेंडू पायाला चिकटवून घेतल्यासारखा पळवणारा. गावात पुढे नाव काढील असे सारे म्हणतात. दुसरा एक बारका, दहा वर्षांचा, आईने नाव घातले म्हणून आलेला. पहिल्या डावात चेंडू जवळ आला की तो बाजूला सरून त्याला वाट करून देई, जणू रस्त्यात म्हैस आली आहे. चारी सामन्यांत मिळून पाच डाव त्याचे होते आणि नातवाचेही पाचच.

वेदगंगा आपल्या गटात पहिली आली आणि कुंभीशी शेवटच्या सामन्याला उभी राहिली. पहिल्या डावात नातवाने गोल केला, कुंभीने तो फेडला. एक-एक. डाव संपला, नातू पाणी पिऊन परत मैदानाकडे निघाला आणि तक्ता सांभाळणाऱ्या मुलाने हाक मारली. नातवाच्या नावापुढे पाच फुल्या झाल्या होत्या. तिसरा सामना तो पूर्ण खेळला होता. आता जागा त्या बारक्याची.

दोराबाहेर कुजबूज सुरू झाली, मग गलका. "अहो, फायनल हाय!" "एवढ्यापुरतं ऱ्हाऊ द्या की!" वेदगंगेबरोबर असलेला कॉलेजचा पोरगा माझ्याकडे धावत आला. मी चिटणीस, पण मैदानावर शब्द पंचाचा. मी वस्तादांकडे पाहिले. ज्यांना हा नियम पटला नव्हता, त्यांच्याच घरचे पोर नियमापायी बाहेर बसत होते. नातू आजोबांकडे पाहत उभा होता. डोळे भरले होते.

वस्ताद सावकाश तक्त्याजवळ आले. फुल्या बोटाने मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"पाच झाल्या?"

"झाल्या, वस्ताद."

"मग बस खाली," ते नातवाला म्हणाले, आणि शिट्टी तोंडात धरून मैदानाच्या मध्यावर गेले.

वेदगंगा एक-दोनने हरली. कथा लिहायची असती तर मी त्या बारक्याकडून गोल करवला असता. तसे काही झाले नाही. तो धडपडला, दोनदा पडला, एकदा चेंडू चुकीच्या दिशेला मारला. पण बाजूला सरला नाही. चौसष्ट पोरांना चौसष्ट सारखे बिल्ले दिले आणि कुंभीला एक छोटी ढाल. पोरे पांगली. नातू रुसून गेला तो आजोबांशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही, असे मागाहून कळले.

रात्री तालमीच्या ओट्यावर हिशेब मांडून बसलो होतो. वस्ताद येऊन टेकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या बारक्यानं शेवटच्या डावात अकरा येळा बॉलला पाय लावला. मी मोजलं."

पंचाने सामना चालू असताना हे मोजावे की नाही, हा नियमाचा प्रश्न आहे. तो मी विचारला नाही.

"पण सर," ते पुढे म्हणाले, "फुडल्या सालाला पेठा परत आणा. नद्या-बिद्या नकोत. पोराला कुणाचं तरी नाव लागतंय. त्यो तक्ता मात्र ऱ्हाऊ द्या."

मी चिठ्ठ्या सोडायला तयार नाही आणि ते पेठा सोडायला तयार नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा बैठक आहे. तीत काय ठरेल ते सांगता येत नाही. कदाचित संघ पेठांचे राहतील आणि चार सामन्यांपैकी एक सरमिसळीचा होईल, अशीही एक तडजोड पुढे आली आहे. एवढे खरे, की तक्त्याविषयी आता वाद उरलेला नाही. तो तालमीत, जुन्या पैलवानांच्या तसबिरींखाली, खिळ्याला टांगला आहे, आणि गल्लीतली पोरे येता-जाता आपले नाव शोधून पुढच्या फुल्या मोजतात.

वाचकहो, कोल्हापूरला याल तेव्हा अंबाबाईचे दर्शन घ्याच, रस्सा खाच. पण माघातला एखादा रविवार सापडला तर सकाळी सातच्या आत पेठेत या. दोराबाहेर उभे राहायला जागा भरपूर आहे. फार मोठ्याने ओरडू मात्र नका. नाहीतर कुणीतरी तुमच्या हाती पाण्याचा माठ देईल.